फांद्या फुटण्याआधी

नऊ वर्षं ज्याचा ठावठिकाणा नव्हता तो पुष्कर माघातल्या एका दुपारी आपल्या पायांनी चालत आजऱ्याच्या घरी आला, फाटक लावून घेतलं आणि ओट्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला. त्याची आई, सुनंदाबाई, परसात कपडे वाळत घालत होत्या. त्यांना आधी वाटलं, मीटर बघायला कुणी आलंय. मग त्याने मान वर केली.

ऋजुताला आईचा फोन आला तेव्हा ती कोल्हापुरात प्रयोगशाळेत होती. आई रडत नव्हती. "पुष्कर आलाय. जेवतोय," एवढंच ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "तू ये. पण गाडी सावकाश चालव."

ऋजुता पोचली तेव्हा तो आतल्या खोलीत कॉटवर बसला होता. बाविसाव्या वर्षी घर सोडलेला धाकटा भाऊ आता एकतीस वर्षांचा होता, पण वय त्याच्या अंगावर बसलं नव्हतं. ऊन कधी पाहिलंच नसावं अशी त्याची कातडी झाली होती, नवरात्रात घटाभोवती सावलीत उगवलेल्या धानासारखी पिवळट पांढरी. हातावर ओरखडा नाही, डोळ्यांखाली सुरकुती नाही. "ताई," तो म्हणाला, आणि आवाज मात्र तोच होता, किंचित घोगरा, दहावीत फुटल्यावर कधीच नीट न बसलेला.

एका बियाण्यांच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून तो गेला होता. पहिले काही महिने फोन आले. मग कंपनीचाच फोन लागेना. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले. वडिलांनी शाळेतून रजा काढून काढून निम्मा महाराष्ट्र पालथा घातला, आणि एका वर्षी दमून अंथरूण धरलं ते पुन्हा उठले नाहीत. भिंतीवरच्या त्यांच्या हार घातलेल्या फोटोकडे पुष्करने आल्या आल्या पाहिलं होतं आणि काही विचारलं नव्हतं.

"कुठं होतास?" ऋजुताने विचारलं.

"बागेत."

"कुठल्या बागेत?"

"एकाच झाडाची बाग होती." तो उठला आणि खिडकी लावून घेतली. बाहेर शेजाऱ्यांचा आंबा मोहोरला होता.

त्यानंतरच्या आठवड्यांत घरातल्या सगळ्या खिडक्या हळूहळू बंद झाल्या. पुष्कर कुणाला त्रास देत नव्हता. घालाल ते खायचा, आईच्या मागे मागे स्वयंपाकघरात उभा राहून तिच्या तोंडाकडे पाहत बसायचा. पण त्याला श्वास पुरत नसे. बोलता बोलता तो थांबे, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड उघडे. आणि दुपारी जेवणं झाली की तो खोलीच्या मध्यावर जमिनीवर बसे, चेहरा वर करून, ओठ थोडे विलग ठेवून. वरून काहीतरी अंगावर पडायची वाट बघत असल्यासारखा. पंख्याखेरीज तिथे वर काही नव्हतं. ऋजुताने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तिनेही नकळत छताकडे पाहिलं.

"आल्यापासून असाच बसतो," आई हलक्या आवाजात म्हणाली. "बसू दे. घरात आहे ना."

ऋजुताचं काम परागकणांचं होतं. पराग म्हणजे फुलाला हात लावला की बोटाला लागते ती पिवळी भुकटी, एवढंच लोकांना ठाऊक असतं. पण त्या भुकटीतल्या एकेका कणाला कवच असतं, आणि त्याच्याइतका चिवट पदार्थ सजीवांनी क्वचितच बनवला असेल. आम्लात ते विरघळत नाही, मातीत कुजत नाही, तळ्याच्या गाळात लाखो वर्षं जसंच्या तसं राहतं. शिवाय त्याची घडण कुळागणिक, जातीगणिक वेगळी. जास्वंदीचा कण म्हणजे काटेरी चेंडू. गवताचा गुळगुळीत, त्याला एकच भोक. आंब्याच्या कणाला तीन चिरा. ओळखणाऱ्याला कण दिसला की त्याच्यामागचं झाड दिसतं.

हे सगळं जुनंच. नवीन होतं ते दातांचं. माणसाच्या दातांवर कीटण चढतं ते थराथराने, आणि प्रत्येक थरात त्या त्या काळी श्वासातून आणि घासातून आलेले परागकण चुन्यात बसवावेत तसे बसतात. हे थर कांद्याच्या पापुद्र्यासारखे सोडवायचे आणि प्रत्येक कणातली जनुकं वाचायची, असं यंत्र अलीकडे निघालं होतं. माणूस कुठल्या वर्षी कुठल्या झाडांमध्ये राहिला ते त्याचं तोंडच सांगू लागलं. बेवारस मृतदेहांना त्यामुळे घरं मिळाली. खटल्यांत साक्षीदार खोटे पडले. काही संसारही मोडले. शेवटी कायदा झाला की माणसाच्या लेखी परवानगीशिवाय त्याचं कीटण वाचायचं नाही.

ऋजुताने तो कायदा मोडला.

निमित्त झालं पुष्करच्या दुखऱ्या दाढेचं. गावातली दातांची डॉक्टर शाहीन मुल्ला ही तिची शाळेतली मैत्रीण. दात साफ करताना निघालेलं कीटण शाहीनने कुपीत घालून तिच्या हातात दिलं. "मी काही दिलं नाही आणि तू काही घेतलं नाहीस," ती म्हणाली. "आणि एक सांगू? इतकं कीटण, पण कीड एकही नाही. दाढ का दुखते ते मला कळलं नाही."

यंत्राने थर सोडवले. सगळ्यात वरचा ताजा थर आजऱ्याचा होता: आंबा, काजू, निलगिरी, दोन-तीन गवतं. सगळ्यात आतला, वर्षानुवर्षं दाढेच्या मागे राहून गेलेला थरही आजऱ्याचाच, पुष्करच्या कॉलेजच्या दिवसांतला. मधला थर जाड होता आणि त्यात एकाच जातीचा पराग होता. त्याखेरीज एकही कण नव्हता.

ऋजुताने नमुना पुन्हा लावला. तेच आलं. तिने प्रयोगशाळेचे प्रमुख धोंडे सर यांना बोलावलं. सर निवृत्तीला आले होते, पण विचित्र कण आला की विद्यार्थ्यासारखे धावत येत.

"यंत्र धुतलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"दोनदा."

"मग हे शक्य नाही. भर समुद्रात हवा धरली, बर्फावर धरली, तरी पाच-दहा जाती सापडतात. एकच जात सापडायची तर जगात एकच झाड पाहिजे." त्यांनी पडद्यावर कण मोठा केला. होडीसारखा लांबट, गुळगुळीत, आणि अंगावर उभी एकच चीर. "कुठल्या कुळात बसवला यंत्रानं?"

तिने वंशवृक्ष समोर आणला. आज जगात असलेली प्रत्येक वनस्पती म्हणजे या वृक्षाच्या एकेका डहाळीचं टोक. मागे मागे जावं तशा डहाळ्या फांद्यांना मिळतात, जाती प्रजातीत, प्रजाती कुळात, आणि जिथे दोन फांद्या फुटतात तो फाटा म्हणजे त्या दोघींची एकेकाळची सामाईक आई. नवा कण आला की यंत्र त्याला कुठल्या ना कुठल्या टोकाशेजारी बसवतं. हा कण त्याने कुठल्याच टोकाला ठेवला नव्हता. तो खाली, खोडाजवळ होता. जिथून एका बाजूला गवतं, केळी, नारळ, कांदा निघतात आणि दुसऱ्या बाजूला वड, आंबा, तूर, जास्वंद, बरोबर त्या फाट्यावर.

धोंडे सरांनी पडद्यावरच्या त्या फाट्यावर बोट ठेवलं. "फाट्यावर झाड नसतं, ऋजुता," ते म्हणाले. "फाटा म्हणजे आपलं अनुमान. तिथं जे होतं ते डायनासोरांच्या पायाखाली तुडवलं गेलं."

"पण अनुमान काढता येतं म्हणजे लिहिताही येतं ना, सर? लेकींची जनुकं पाहून आईची जनुकं कशी असतील ते गणितानं काढायचं, आणि तशी बनवायची."

"एकेक जनुक बनवलंय लोकांनी. अख्खं झाड..." सरांनी मान हलवली, पण नकारार्थी नव्हे. "एखाद्या बियाणेवाल्याला मोह पडेल खरा. फूल काही कुणाचाही पराग आत घेत नाही. आपला कोण, परका कोण, हे त्याला कळतं. ही ओळख प्रत्येक जातीनं वेगळं झाल्यावर घडवलेली आहे. फांद्या फुटण्याआधीचा पराग आणला तर तो कुणालाच परका वाटायचा नाही. भाताला चालेल, तुरीलाही चालेल. एका झाडापासून सगळ्या पिकांची पैदास. पण असं झाड काचेखाली ठेवायला पाहिजे. त्याचा एक कण बाहेर जाता कामा नये."

ऋजुताने मधला थर आणखी मोठा केला. सरांना तोवर न दिसलेली गोष्ट तिला आधीच दिसली होती. पराग योग्य फुलावर पडला की त्याला केसाहून बारीक नळी फुटते आणि ती फुलाच्या पोटातल्या बीजांडाकडे वाढत जाते. पुष्करच्या कीटणातल्या कणांना नळ्या फुटल्या होत्या. हजारो कण, आणि सगळ्यांच्या नळ्या एकाच दिशेला वळलेल्या, हिरडीकडे, आत.

सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. "कुणाचा नमुना आहे हा?"

"बेवारस आहे," ऋजुता म्हणाली.

चैत्र लागला होता. ती घरी गेली तेव्हा आईने तिला दारातच हात धरून परसात नेलं. सुनंदाबाईंच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत नव्हतं असं हसू होतं.

"हे बघ. तू बालवाडीत होतीस तेव्हा लावलेली जास्वंद. हिला कधी फळ पाहिलंस?"

बागेतल्या जास्वंदीला फळ धरत नाही. फुलते, मिटते, गळून पडते. पण त्या झाडावर फांदीफांदीला हिरवी बोंडं लगडली होती, हरभऱ्याच्या घाट्याएवढी.

"केळीचा घडही बघ कसा भरलाय. पोरगं घरी आलं नि झाडंसुद्धा फळली," आई म्हणाली. मग तिला खोकला आला. कोरडा, बारीक. "काही नाही गं. ठसका लागला."

ऋजुताने एक बोंड आणि एक कोवळं केळं तोडलं आणि ओट्यावर विळीने चिरलं. बोंडात काळी, होडीच्या आकाराची बी होती, पाठीवर पांढरी रेघ असलेली. केळ्याच्या गरात, जिथे आपल्या केळ्यांत नुसते काळे ठिपके असतात, तिथेही बी होती. काळी, होडीच्या आकाराची, पाठीवर पांढरी रेघ. तिने दोन्ही तळहातावर शेजारी ठेवल्या आणि थोड्या वेळाने तिला सांगता येईना की कुठली कशातली. जास्वंद आणि केळ. वंशवृक्षाच्या दोन टोकांच्या दोन फांद्या, तेरा-चौदा कोटी वर्षांत एकमेकींना न भेटलेल्या. दोघींच्या पोटात एकच लेकरू होतं.

तिने पुष्करच्या खोलीचं दार ढकललं. तो जमिनीवर बसला होता.

"तू माझे दात वाचलेस," तो म्हणाला.

"हो."

"विचारायचं होतंस."

"विचारलं होतं. तू सांगितलं नाहीस."

त्यावर तो थोडा हसला. मग त्याने सांगितलं, श्वास घेत घेत, तुकड्यातुकड्याने. घाटाच्या तोंडाशी एक सडा आहे, खडकाळ पठार. तिथल्या बंद पडलेल्या बॉक्साइटच्या खाणीवर कंपनीने काचेचं छप्पर घातलं होतं. आत गाळलेली हवा. आत गेलेल्याने मुदत संपेपर्यंत बाहेर यायचं नाही, कारण बाहेरचा एक कण आत आला तरी ती बिघडेल.

"ती कोण?" ऋजुताने विचारलं, उत्तर ठाऊक असून.

"आम्ही तिला ती म्हणायचो." तो थांबला. "बारमाही फुलते. दुपारी तिचा पराग पडतो, सगळा एकदम. आवाज होत नाही. सगळीकडे पांढरं होतं. केसांवर, ताटात, पापण्यांवर. पहिल्या वर्षी आम्ही तोंडाला फडकी बांधायचो. मग बांधायची सोडली. पुढं कंपनी बुडाली बहुतेक. वरून माणसं यायची थांबली, धान्य यायचं थांबलं. तिची फळं खायला लागलो."

"आणि तुम्हाला कोंडून ठेवलं होतं?"

"दाराला कुलूप नव्हतं, ताई."

बाहेर आई खोकत होती.

"कधीच नव्हतं?"

"कधीच नव्हतं. उघडावंसं वाटलं नाही कुणाला." त्याने भिंतीला डोकं टेकलं. "मग एक दिवस आईचं तोंड आठवेना. खूप आठवून पाहिलं. ते बघायला आलो. बघून झालं."

ऋजुता त्याच्याजवळ बसली. "आपण पुण्याला जाऊ. फुप्फुसांच्या डॉक्टरांना दाखवू."

"माझ्याबरोबर एक मुलगी निघाली होती, बेळगावची. तिच्या घरच्यांनी तिला दवाखान्यात ठेवलं, शुद्ध हवेच्या खोलीत. घरी यायच्या आधी मी तिला भेटायला गेलो तर तिची खाट रिकामी होती. नर्स म्हणाली, रात्री श्वास थांबून गेली." त्याने छातीवर हात ठेवला. "इथं फार गलका आहे. आंबा, काजू, गवत, सगळे एकदम बोलतात."

"झाडं बोलत नाहीत, पुष्कर."

"इथं आत बोलतात. तिथं एकच आवाज असतो. मला परत सोड, ताई. इथली हवा मला पुरत नाही."

सुनंदाबाई दाराशी उभ्या होत्या. केव्हापासून, ते ऋजुताला कळलं नाही. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि मुलाकडे पाहत म्हणाल्या, "त्याला जिथं श्वास येतो तिथं नेऊन सोड."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुता त्याला गाडीत घालून निघाली. आईने त्याच्याबरोबर धुतलेले दोन शर्ट दिले आणि फाटकापाशी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. वाटेत तो डोळे मिटून पडून होता. डांबरी रस्ता संपला, जांभ्या दगडाचा कच्चा रस्ता लागला, आणि सड्यावर गाडी चढली तशी त्याचा श्वास हळूहळू सुटा व्हायला लागला. ऋजुताने काचा वर घेतल्या, नाकावर मास्क चढवला.

खाण दुरून नुसती जमिनीवर पडलेल्या ढगासारखी दिसत होती. काचेच्या छपरावर शेवाळ, पालापाचोळा. सड्यावरचं गवत खाणीभोवती गुडघ्याएवढं वाढलं होतं, आणि जवळ गेल्यावर ऋजुताला दिसलं की ते गवत नव्हतं. पानं गवतासारखी सुरू होऊन टोकाला रुंद होत होती. शिरा आधी समांतर जात, मग जाळीदार होत. गुडघ्याएवढी, वीतभर, बोटभर, सगळ्या वयांची रोपं होती.

उतरणीवर लोखंडी दार होतं. शेजारच्या काचेवरचं शेवाळ तिने हाताने पुसलं आणि आत पाहिलं.

ती वनस्पतिशास्त्रज्ञ होती. वीस वर्षं तिने डहाळ्यांची टोकं ओळखली होती आणि फाटे केवळ रेघांत पाहिले होते. आत फाटा उभा होता. फार उंच नव्हता. त्याची फुलं पांढरी, आणि तिने सवयीने पाकळ्या मोजायला घेतल्या. केळीच्या, गवताच्या बाजूला तिनाचा हिशेब असतो, आंब्या-जास्वंदीच्या बाजूला बहुधा पाचाचा. इथे मोजदाद लागत नव्हती. पाकळ्या मळसूत्रासारख्या फिरत आत जात होत्या आणि मध्यावर पाकळी कुठे संपते नि केसर कुठे सुरू होतो ते ठरलेलं नव्हतं. काहीच अजून ठरलेलं नव्हतं. पुढे जे जे होणार होतं, भाताची लोंबी, पळसाचं फूल, कडुनिंबाचा कडूपणा, ते सगळं त्यात निजलेलं होतं. झाडाभोवती तीन-चार माणसं बसली होती, चेहरे वर करून. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

आपला हात मास्कच्या पट्ट्यावर गेला आहे हे तिला पुष्करने तो धरला तेव्हा कळलं.

"तू नको," तो म्हणाला. "आई एकटी पडेल."

त्याने दार उघडलं, आत गेला आणि पाठीमागे लावून घेतलं. काचेतून तिने पाहिलं. तो झाडाजवळ जाऊन बसला, एकदा खोल श्वास घेतला, आणि त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. दोन महिन्यांत तिने त्याला असा श्वास घेताना पाहिलं नव्हतं.

परत येताना तिने घाटात गाडी थांबवून धोंडे सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं, नमुना कुणाचा होता तेही. सर रागावले नाहीत. "आता माझ्या हातात काही राहणार नाही," एवढंच म्हणाले.

पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. आजऱ्याच्या परसातली जास्वंद, केळ, तुळससुद्धा मुळासकट उपटून बंद पेट्यांतून भट्टीत गेली. गावातल्या घराघरातले नमुने घेतले. शेजाऱ्यांचा आंबा तोडला. सड्यावरची रोपं मातीसकट खरवडली आणि खाणीवर दुसरं छप्पर चढलं. मूळ झाड मात्र जाळलं नाही. जाळलं तर धुराबरोबर किती कण वर जातील याचा अंदाज कुणालाच देता येईना, आणि आतली माणसं हलायला तयार नव्हती. एकाला उचलून आणलं, तो रुग्णवाहिकेतच गेला. प्रकरण न्यायालयात गेलं. निकाल असा लागला की आत आहेत त्यांना आत राहू द्यावं, अन्नपाणी पोचवावं, आणि जवळच्या नातेवाइकांपैकी कुणाला जायचं असेल तर राजीखुशीने जाऊ द्यावं. एकदाच. परत येता येणार नाही.

ऋजुता आणि सुनंदाबाई पावसाळा संपेपर्यंत विलगीकरणात होत्या. फुप्फुसं धुतली, औषधं दिली, पुन्हा पुन्हा तपासलं. आईचा खोकला गेला. भूक लागायला लागली. वाचनाच्या यंत्रातून तिचा नमुना गेला आणि ऋजुताने स्वतः पाहिला: त्या पावसाळ्यातली गवतं, एरंड, दवाखान्याबाहेरचा गुलमोहर. एका चिरेचा तो कण एकही नव्हता. डॉक्टर म्हणाले, बाई ठणठणीत आहेत.

कोल्हापूरच्या फ्लॅटवर आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी, भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "ऋजू, मला तिथं सोड."

ऋजुताला ते अपेक्षित होतं तरी तिचे हात थांबले. "आई, ते परागामुळं वाटतं. पुष्करला वाटायचं तसं."

"माझ्यात काही राहिलं नाही म्हणालात ना तुम्ही लोक?"

"नाही राहिलं."

"मग." आईने मेथीची काडी मोडली. "नऊ वर्षं दार उघडं टाकून झोपले मी. तुझे बाबा रागवायचे. तो आला, दोन महिने राहिला, आणि मी त्याला परत पाठवला, कारण त्याला श्वास येत नव्हता. आता मला येत नाही. तुझ्या यंत्रात दिसत नसेल, पण येत नाही."

"आणि मी?"

सुनंदाबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "तुला येतो गं," त्या म्हणाल्या. "तुला कुठंही येतो. लहानपणापासून."

ऋजुता महिनाभर नाही म्हणत राहिली. भांडली, अबोला धरला, मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी आईशी दोन तास बोलून सांगितलं की यांना सगळं कळतंय. अहवालात पराग असता तर त्याचं नाव पुढे करून तिला आईला अडवता आलं असतं. अहवाल स्वच्छ होता, आणि त्या ओढीला आईपणाखेरीज दुसरं नाव देता येत नव्हतं.

कार्तिकात ती आईला घेऊन सड्यावर गेली. आता डांबरी रस्ता झाला होता. कुंपण होतं, चौकी होती. आईने इरकली लुगडं नेसलं होतं, लग्नाकार्याला नेसायची ते. हातात कापडी पिशवी. चौकीवरच्या माणसाने तिच्या सह्या घेतल्या, पिशवी तपासली, चटणीची बरणी काढून घेतली, कारण तिच्याबरोबर बाहेरचा एखादा परागकण आत जाऊ शकतो म्हणाला. आईने वाद घातला नाही. तिने ऋजुताचं तोंड दोन्ही हातांत धरलं, नीट पाहिलं, पाठ करून घ्यावं तसं.

दोन दारं होती. पहिलं उघडलं, लागलं. दुसरं उघडलं. काचेपलीकडे पुष्कर उठून उभा राहिलेला दिसला. तो वाकला, आईच्या पायांवर डोकं ठेवलं. मग दोघं झाडाकडे गेले आणि खाली बसले. दुपारच्या जेवणाची वेळ टळत आली होती. आईने इकडे तिकडे पाहिलं, पदर सावरला आणि इतरांसारखा चेहरा वर केला.

थोड्या वेळाने आत सगळं पांढरं झालं.

ऋजुता काचेपाशी उभी राहिली. चौकीवरचा माणूस जवळ आला. साधा, चाळिशीतला, राधानगरीकडचा असावा. त्याच्या हातात अजून तो कागदांचा गठ्ठा होता.

"मॅडम, तुम्ही पण जवळच्याच नात्यातल्या," तो हलकेच म्हणाला. "तुमचा पण कागद करायचा का?"

काचेमागे काही दिसत नव्हतं. आवाजही नव्हता.

"नाही," ऋजुता म्हणाली. पण ते म्हणायला तिला बराच वेळ लागला, इतका की माणसाने मध्ये दोनदा तिच्याकडे पाहिलं. आणि तिचा अहवालही आईसारखाच स्वच्छ आला होता.